माजी नगराध्यक्ष आप्पांचं वर्षश्राद्ध: झाडं लावावीत की शिबिर घ्यावं?

तापीकाठ:
राम राम मंडळी. आमच्या गावचे माजी नगराध्यक्ष आप्पा जाऊन जूनअखेरीस वर्ष होईल. नळाच्या शेवटच्या घरापर्यंत जाऊन पाण्यात टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) पोचतंय का ते बघणारा, रस्ता रुंद होताना कडुनिंब वाचावेत म्हणून ठेकेदारासमोर उभा राहणारा माणूस. पुतळा नको, चौकाला नाव नको, असं घरच्यांनी स्पष्ट सांगितलंय. पालिकेची अर्धा एकर खुली जागा मिळतेय. वर हातभर काळी माती, खाली मुरूम. 50 झाडं आणि एक आरोग्य शिबिर, असा विचार आहे. रोज टँकर परवडणार नाही. जाणकारांनी नीट सांगावं.

अंजन_साक्री:
भाऊ, अर्धा एकर म्हणजे साधारण 2000 चौरस मीटर. वाट आणि कुंपणाची पट्टी सोडली तर 6 मीटर अंतराने 35-40 झाडंच बसतात, तेवढीच लावा. कडुनिंब, करंज, चिंच, उंबर आणि आपल्या खान्देशातला अंजन. वड एकच, तोही भिंतीपासून 10 मीटर आत. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड फुकट मिळालं तरी घेऊ नका.

खड्डे मे महिन्यातच खणा, 3 × 3 × 3 फूट. उन्हाने माती तापून निघू द्या. काळी माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. भरताना काळी माती, 2-3 घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पावशेर निंबोळी पेंड घाला. कच्च्या शेणाने वाळवी हमखास लागते. खड्डा जमिनीच्या वर चार बोटं भरा. पावसाने माती बसते, मग खोडाशी पाणी साचून साल कुजते.

वर्षश्राद्धाची तारीख धरून लावू नका. जूनअखेर आपल्याकडे कधी कधी पेरणीचाही पाऊस झालेला नसतो. त्या दिवशी खड्डे भरून घ्या, ओल वीतभर खाली गेली की रोपं लावा. रोप 5-6 फुटी घ्या. पिशवीच्या तळाशी मुळं गोल फिरली असतील तर तळाचा इंचभर भाग कापून टाका, नाहीतर चार वर्षांनी वादळात झाड मुळासकट आडवं होतं. अंजनाचं सोटमूळ पिशवीत वळतं, म्हणून तो जागेवरच बी टाकून लावा. सुरुवातीला वाढ फार हळू असते, घाबरू नका.

पाण्याला रावेर-यावलकडे केळीच्या बागेतून काढलेल्या ठिबकच्या नळ्या स्वस्तात मिळतात. झाडाला तासाला 4 लिटर देणारे दोन ड्रिपर. टाकी 6 फूट उंचावर ठेवली तर दाब फार कमी पडतो, ड्रिपर निम्म्याहूनही कमी पाणी देतो. म्हणून 16 लिटर द्यायला दोन नाही, पाच तास धरा. 40 झाडांना एका पाळीला 640 लिटर, म्हणजे 1000 लिटरची टाकी पुरते. दिवाळीनंतर 8 दिवसांनी, मार्चपासून 4 दिवसांनी पाळी. असे तीन उन्हाळे काढावे लागतात. नळीची टोकं पंधरा दिवसांनी उघडून पाणी सोडा, आपल्या पाण्यातला क्षार ड्रिपर बुजवतो. काळ्या मातीला भेगा पडल्या की लगेच बुजवा, नाहीतर बारीक मुळं तुटतात. शेळ्यांसाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण लोखंडी जाळीपेक्षा बरं, जाळी चोरीला जाते.

आमच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली. तिथलं जंगल राखलं गेलं ते कुऱ्हाडबंदी, दंड आणि पाळीपाळीने राखण यांमुळे. तुमच्याकडेही पाण्याची पाळी कोणत्या गल्लीची, हे खड्डे खणण्याआधी लिहून ठेवा.

जलसुरक्षक:
झाडं लावाच, पण आप्पांचं मोठं काम पाण्याचं होतं. त्यांच्या नावाने दर आठवड्याला शेवटच्या घरची ओटी टेस्ट, म्हणजे नळाच्या पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते बघणारी चाचणी, सुरू करा. खर्च नगण्य.

नळ दोन मिनिटं वाहू द्या, मग नळीत खुणेपर्यंत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाका. पिवळा रंग लगेच तक्त्याशी जुळवा, उशीर केला की रंग गडद होऊन आकडा खोटा येतो. शेवटच्या घरी किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन हवं. कमी आलं तर टाकीवर बघा. 33 टक्के क्लोरीनची ताजी पावडर 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला पाव किलो. मे महिन्यात पोतं उघडं राहिलं तर पावडर भराभर निकामी होते. 20 टक्क्यांच्या खाली गेली तर वापरू नका. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, फक्त वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबून मगच सोडा.

पाणी चार-पाच दिवसांआड येतं तिथे डेंग्यूही घरातल्या टाकीतूनच येतो. आठवड्याचा कोरडा दिवस पाळताना नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात, टाकी काथ्याने घासावीच लागते. गप्पी मासे वापरायच्या हौदात सोडा, नदी-नाल्यात नको. तिथे ते देशी माशांची पिल्लं खातात.

सिस्टर_चोपडा:
दादा, शिबिर एकाच गोष्टीचं घ्या, बीपी आणि शुगर. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं सावलीत बसवा, हात छातीच्या पातळीवर, दोनदा मोजा. 140/90 च्या वर आलं की लगेच गोळी नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. 180/120 च्या वर आणि छातीत दुखणं किंवा दम असेल तर तसंच दवाखान्यात. बोटातली शुगर केव्हाही 200 च्या वर आली तर प्रयोगशाळेत तपासणी. नाव आणि फोनची वही ठेवा, पंधरा दिवसांनी प्रत्येकाला विचारा. वही नसेल तर शिबिर घेऊच नका. सातपुड्यालगतच्या पाड्यांवरून लोक येणार असतील तर सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणीही जोडा. प्राथमिक चाचणीत आलं तरी एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पक्की चाचणी झाल्याशिवाय कोणाला काही सांगायचं नाही, विशेषतः लग्नाच्या मुलीच्या घरी.

नगररचना_धुळे:
मुख्याधिकाऱ्यांच्या तोंडी होकारावर खड्डे खणू नका. सिटी सर्व्हेचा उतारा आणि मंजूर नकाशा काढा, जागा खुली म्हणूनच आहे ना ते बघा. जलवाहिनी आणि विजेची तार कुठून जाते ते नकाशावर आखून घ्या. मग झाडं, देखभाल करणारं मंडळ आणि फलकाचा मजकूर एकाच ठरावात घ्या. फलक खांबावर लावा, झाडाला खिळे नको.