नागपूरहून ख्रिस्ती कॉलेजात पदवी प्रवेश: कोटा, बाप्तिस्म्याचा दाखला, सीयूईटी

मोहननगर_पालक यांचा प्रश्न

मुलगी नागपुरात स्टेट बोर्डातून बारावी सायन्सला आहे. पुढे बीए इकॉनॉमिक्स करायचं म्हणते. आम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). डोक्यात तीन नावं आहेत: इथलं हिस्लॉप, दिल्लीचं सेंट स्टीफन्स आणि बंगळुरूची क्राइस्ट युनिव्हर्सिटी. ख्रिस्ती कोटा तिन्हीकडे सारखाच असतो का? चर्चचा नेमका कुठला कागद लागतो? शाळेच्या नोंदीत धर्म ‘ख्रिश्चन’ आहे, पण बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव दहावीच्या मार्कशीटपेक्षा वेगळं आहे. तिच्या हिंदू मैत्रिणीलाही हिस्लॉपला अर्ज करायचा आहे, तिला काही अडचण येईल का?

अर्जखिडकी

सारखा नसतो. तिन्ही संस्था ख्रिस्ती असल्या तरी प्रवेश कसा होणार हे संस्थेच्या कायदेशीर स्वरूपावर ठरतं. ते आधी पाहा, कोटा मग.

हिस्लॉप (स्थापना १८८३) नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहे, सेमिनरी हिल्सचं एसएफएस कॉलेजसुद्धा. इथे बीएचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. निकाल लागला की थोड्याच दिवसांत फॉर्म सुरू होतात आणि पटकन बंदही होतात, म्हणून मार्कशीटची मूळ प्रत हातात यायची वाट न बघता ऑनलाइन प्रतीवर अर्ज भरून टाका. अल्पसंख्याक जागेसाठी धर्म तपासताना सगळ्यात आधी शाळा सोडल्याचा दाखला पाहिला जातो. तुमच्याकडे ती नोंद बरोबर आहे, हे फार बरं झालं.

सेंट स्टीफन्स (१८८१) दिल्ली विद्यापीठाचं कॉलेज, म्हणून सीयूईटी (विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा) द्यावीच लागते. निम्म्या जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी. त्यांची गुणवत्ता ८५ टक्के सीयूईटी आणि १५ टक्के मुलाखत अशी धरतात. बाकीच्यांना मुलाखत नाही, नुसते सीयूईटीचे गुण. दिल्ली हायकोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये तसा आदेश दिला. इथे एक गोष्ट हमखास निसटते. ख्रिस्ती उमेदवाराने विद्यापीठाच्या सीएसएएस (जागावाटपाच्या) पोर्टलवर नोंदणी करायची, आणि शिवाय कॉलेजच्या संकेतस्थळावर वेगळा अर्जही भरायचा. नुसतं सीएसएएस भरून थांबलात तर मुलाखतीच्या यादीत नाव येणार नाही.

क्राइस्ट ही २००८ पासून अभिमत विद्यापीठ आहे. तिची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, मुलाखत असते आणि आधीच्या इयत्तांचे गुणही धरतात. तिच्या परीक्षेलाही बरेच जण सीयूईटीच म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. दिल्लीला लागणारी एनटीएची (नॅशनल टेस्टिंग एजन्सीची) सीयूईटी वेगळी. एक दिली म्हणून दुसरी दिली असं होत नाही. आणि हे वेळापत्रक बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी सुरू होतं, तेव्हा मे महिन्यात चौकशी करायला गेलात तर उशीर झालेला असेल.

पॅरिश_रजिस्टर

चर्चच्या कागदांचं सविस्तर सांगतो, कारण अर्ज इथेच अडकतात.

दोन कागद वेगवेगळे असतात. बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा: नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, विधीची तारीख, धर्मगुरूंची सही आणि चर्चचा शिक्का. दुसरं पत्र आजचं सभासदत्व सांगणारं, कुटुंब सध्या कोणत्या मंडळीत आहे एवढंच. कॉलेज यातला एक मागतं किंवा दोन्ही. दोन्ही काढून ठेवा. सभासदत्वाचं पत्र त्याच वर्षाचं असावं, जुनं पत्र परत पाठवतात.

दाखला मिळतो तो जिथे विधी झाला त्या चर्चमधून. बाप्तिस्मा चंद्रपूरला किंवा अमरावतीला झाला असेल तर नागपूरच्या पाळकांकडे ती नोंद नसणार. पत्र लिहून उतारा मागवायला वेळ जातो, दिवाळीच्या सुटीतच सुरुवात करा. आजीआजोबांच्या नोंदी शोधायची वेळ आली तर हे लक्षात असू द्या की सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला, आपल्या नागपुरातच स्थापन झाली. त्याआधीची रजिस्टरं अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन अशा जुन्या नावांनी सापडतील.

नाव जुळत नसेल तर रजिस्टरमध्ये खाडाखोड करवून घेऊ नका, पाळकही करणार नाहीत आणि करूही नये. दाखला नोंदीप्रमाणेच घ्या. त्याच लेटरहेडवर वेगळं पत्र घ्या की रजिस्टरमधलं अमुक नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं तमुक नाव एकाच व्यक्तीची आहेत, जन्मतारीख व आईवडील तेच. सोबत वडिलांचं स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र जोडा. जन्मतारखेतच फरक असेल तर मात्र पत्राने भागेलच असं नाही. तेव्हा महापालिकेचा जन्मदाखला मूळ धरून कॉलेजला आधीच लेखी विचारा.

बॅप्टिस्ट किंवा पेंटेकॉस्टल मंडळीत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीकडे दाखला नसणं अगदी स्वाभाविक आहे. तिथे पाळकांनी पत्रात हीच रीत स्पष्ट लिहून कुटुंबाचं सभासदत्व नमूद करावं. केवळ प्रवेशासाठी घाईने विधी उरकून घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती.

दाखला_तपासनीस

वर आलं नाही म्हणून लिहिते. तुमच्या घरात अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र असेल तर ते आणि बाप्तिस्म्याचा दाखला एकाच अर्जाला जोडू नका. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांना आहे. सुप्रीम कोर्टानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या महिलेला असं प्रमाणपत्र नाकारलं. दोन्ही कागद एकत्र दिसले की दोन्ही दावे धोक्यात येतात. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांची नोंद महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे, तो रस्ता खुला आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

शाळेच्या नोंदीत धर्म चुकला असेल तर मूल शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात असतानाच दुरुस्ती करा. मुख्याध्यापक प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे (माध्यमिक) पाठवतात. एकदा शाळा सुटली की हेच काम फार जड जातं.

मोहननगर_पालक

फार उपयोग झाला, आभार. एक राहिलं: तिने बारावीला बायोलॉजी घेतलं, मॅथ्स सोडलं. चालेल ना?

अर्जखिडकी

स्टीफन्सच्या इकॉनॉमिक्स ऑनर्सला चालणार नाही, दादा. तिथे सीयूईटीत एक भाषा, मॅथेमॅटिक्स किंवा अप्लाइड मॅथेमॅटिक्स, आणि आणखी दोन विषय लागतात. एनटीए कोणताही विषय निवडू देते, म्हणून मुलं मॅथ्सचा पेपर देऊन मोकळी होतात. पण बारावीला जे विषय होते त्यांचेच पेपर दिल्ली विद्यापीठ धरतं. फॉर्म भरताना हे कोणी अडवत नाही, कळतं ते थेट सीएसएएसमध्ये.

दिल्लीच हवी असेल तर हिस्ट्री ऑनर्सला मॅथ्सची अट नाही. एक भाषा आणि तिने घेतलेले तीन विषय पुरतात. सीयूईटीचा पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्न, सगळे सोडवायचे, बरोबरला ५ आणि चुकीला वजा १. जास्तीत जास्त पाच विषय देता येतात. तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांतून करा, स्टेट बोर्डाच्या पुस्तकांवर भागत नाही. क्राइस्टच्या प्रत्येक कोर्सची पात्रता वेगळी आहे, ती वाचूनच फी भरा. नागपुरात बीएला इकॉनॉमिक्स विषय घ्यायला मॅथ्स लागत नाही.

सिव्हिल_लाइन्स_वाचक

मैत्रिणीबद्दल: तिने निर्धास्त अर्ज करावा. अल्पसंख्याक जागा सोडून बाकीच्या जागा सगळ्यांच्या असतात. धार्मिक शिक्षण किंवा प्रार्थनेची सक्ती होईल अशी घरच्यांना काळजी असेल तर घटनेचं कलम २८(३) दाखवा: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्था तिला संमतीशिवाय त्यात भाग घ्यायला लावू शकत नाही, आणि ती सज्ञान नसेल तर पालकांची संमती लागते. मात्र ती आरक्षित प्रवर्गातली असेल तर त्या जागा इथे असतीलच असं धरू नका. शिक्षणसंस्थांच्या प्रवेशात आरक्षणाची मुभा देणाऱ्या कलम १५(५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत. त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये जागांचं वाटप काय छापलंय ते पाहा.

आणि पालकांनो, बंगळुरूची जागा धरून ठेवायला फी भरणार असाल तर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना जवळ ठेवा. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी नाव काढलं तर प्रक्रिया खर्च (फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, कमाल ५,००० रुपये) वजा करून पूर्ण फी परत. त्यानंतर, पण अंतिम तारखेच्या आत काढलं तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८०, ३० दिवसांपर्यंत ५०, पुढे काही नाही. रद्द करण्याचा अर्ज ईमेलने करा म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. मूळ मार्कशीट किंवा शाळेचा दाखला तपासून परत द्यायचा असतो, ठेवून घेता येत नाही, हेही त्याच अधिसूचनेत आहे.