'द व्हाइट कॅसल' घ्यावा का? फासे आणि वर्कर प्लेसमेंटच्या खेळाबद्दल सल्ला हवा आहे

कवडी

नमस्कार मंडळी.

कटान, स्प्लेंडर आणि अझूल हे तिन्ही खेळ आमच्या घरी मनसोक्त खेळून झालेत. आता जरा जास्त डोकं लावावं लागेल असा वर्कर प्लेसमेंटचा खेळ हवा आहे, म्हणजे आपले कामगार पटावरच्या जागांवर ठेवून त्या जागेचं काम मिळवायचं असा. 'द व्हाइट कॅसल' (डेव्हिर, 2023) मनात भरला आहे. खोका लहान, पट देखणा, आणि जपानमधल्या हिमेजी किल्ल्याचा विषय मला फार आवडला. पण बाहेरून आलेल्या खेळांच्या इथल्या किमती सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून पैसे घालण्याआधी विचारते आहे.

खेळणारे बहुतेक वेळा मी आणि नवरा, तेही मुलगी झोपल्यावर. एखाद्या रविवारी सासरे आणि दीर असतात, तेव्हा चौघं. सासरे पक्के ब्रिजवाले. कटानमध्ये दोन-तीनदा दान पडलं नाही की ते सरळ पत्त्यांचा कॅट मागतात. फासे दिसले की त्यांचं मन उडतं.

तर विचारायचं हे की यात नशिबाचा भाग किती? अख्ख्या डावात एकेकाला फक्त नऊ खेळ्या मिळतात असं वाचलं, तेवढ्यात समाधान होतं का? दोघांत चांगला चालतो का? आणि याच जातीचा दुसरा खेळ जास्त योग्य वाटत असेल तर तोही सांगा.

ध्रुव_तारा

डोळे झाकून घ्या. एवढ्याशा खोक्यात एवढा खेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

सोंगटी

@कवडी, फाशांचा कुठलाही खेळ घेताना मी दोन गोष्टी आधी बघते. फासे कोणाचे आहेत, आणि वाईट दान पडलं तर त्यावर इलाज काय. चित्रं, लाकडी सोंगट्या, पुरस्कार हे सगळं त्यानंतर.

व्हाइट कॅसलमध्ये फासे कोणा एकाचे नसतात. दर फेरीच्या सुरुवातीला काळे, लाल आणि पांढरे फासे टाकतात आणि तीन पुलांवर लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडतात. आपली पाळी आली की कुठल्याही एका पुलाच्या टोकाचा फासा उचलायचा, डावीकडचा सगळ्यात लहान किंवा उजवीकडचा सगळ्यात मोठा. मधल्याला हात लावता येत नाही. मग तो फासा पटावरच्या एखाद्या जागी ठेवायचा. त्या जागेवर एक आकडा असतो. तुमचा फासा मोठा असेल तर फरकाइतकी नाणी मिळतात, लहान असेल तर तेवढी नाणी भरावी लागतात.

समजा काळ्या पुलावर 2, 3, 6 आहेत आणि तुम्हाला 4 लिहिलेल्या जागी जायचं आहे. 6 उचललात तर काम होऊन वर 2 नाणी हातात. 2 उचललात तर 2 नाणी खिशातून जातील, पण डावीकडचा फासा घेतला की कंदिलाचा लाभ (आपल्या कंदिलात जमा झालेल्या कार्डांवरची बक्षिसं) मिळतो, आणि डाव पुढे जाईल तसा हा लाभ वाढवता येतो. शिवाय तुम्ही 6 उचलला की पुढच्यासाठी त्या पुलावर 2 आणि 3 उरले. म्हणजे लहान फासा वाईट नाही, तो फक्त वेगळ्या कामाचा आहे. आणि काहीच जमत नसेल तर विहीर आहेच. तिथे आकडा 1, त्यामुळे कुठलाही फासा चालतो, आणि कितीही फासे मावतात.

सासरे डुप्लिकेट ब्रिज खेळत असतील तर त्यांना हे चटकन पटेल. तिथे प्रत्येक टेबलावर तेच पत्ते फिरतात, इथे सगळ्यांसमोर तेच फासे असतात. कटानमध्ये तुमचा 8 पडला नाही तर तुम्ही हात चोळत बसता. इथे दान सगळ्यांना आधी दिसतं, आणि त्यातून कोणी काय काढलं यावरच डाव ठरतो.

नऊ खेळ्यांबद्दल: तीन फेऱ्या, फेरीत तीन पाळ्या, एवढंच. पण एक खेळी म्हणजे एक काम नव्हे. किल्ल्यातल्या खोलीत फासा ठेवलात की त्याच्या रंगाप्रमाणे तिथलं काम मिळतं. त्या कामातून एखादा दरबारी (आपल्या सोंगट्या तीन प्रकारच्या: दरबारी, योद्धे, माळी) वरच्या मजल्यावर गेला की खोलीतलं कार्ड तुमच्याकडे येतं, आणि तुमचं जुनं कार्ड कंदिलात जमा होतं. पहिल्या फेरीत खेळी अर्ध्या मिनिटात संपते. तिसऱ्या फेरीत एका फाशातून चार-पाच गोष्टी घडवता येतात, आणि ती साखळी जुळली की खरंच छाती फुगते.

उंबरठा

वरचं सगळं बरोबर आहे, तरी मी 'आधी थांबा' म्हणेन.

अझूलवरून थेट इथे येताय. पहिल्या डावात पटावर चिन्हंच चिन्हं दिसतात. खोक्यावर 80 मिनिटं लिहिलंय, पण नवखे चौघं असले तर पहिला डाव त्यात संपणार नाही. दुसरं म्हणजे नऊच खेळ्या असल्यामुळे एक वाया गेली तर ती भरून काढायला पुढे जागाच नसते. नाणी संपली आणि पुलांवर लहान फासे उरले की फार अडकल्यासारखं होतं. तिसरं, पुलांवरचे फासे प्रत्येक पाळीला बदलतात, त्यामुळे दुसऱ्याची खेळी चालू असताना आपली आधी ठरवून ठेवता येत नाही. विचार करणारा माणूस टेबलावर असेल तर बाकीच्यांनी चहा करून यावा एवढा वेळ जातो.

माझा कौल 'कॅसल्स ऑफ बर्गंडी'ला (स्टेफान फेल्ड, 2011). तिथे पाच टप्पे, टप्प्यात पाच फेऱ्या, फेरीत दोन फासे. म्हणजे एकेकाला 50 फासे वापरायला मिळतात, आणि एखादं दान बिघडल्याने काही अडत नाही. कामगाराची चकती दिली की फासा एकाने वर किंवा खाली करता येतो, 6 चा 1 सुद्धा होतो. चकत्या संपल्या तर एक फासा देऊन दोन चकत्या घ्यायच्या. दोघांसाठी तर फारच निवांत खेळ.

सोंगटी

बर्गंडी मलाही अतिशय प्रिय आहे, पण ते वर्कर प्लेसमेंट नाही. तिथले कामगार म्हणजे फक्त फासा बदलायच्या चकत्या. आपण ठेवला म्हणून दुसऱ्याची जागा गेली, ही चुरस कवडीला हवी असेल तर ती बर्गंडीत थोडीच आहे, एखादा तुकडा आपल्या आधी दुसऱ्याने उचलला एवढीच. शिवाय पिवळ्या तुकड्यांचे अर्थ पाठ होईपर्यंत नियमपुस्तिका उघडी ठेवावी लागते.

थांबण्याचा मुद्दा मात्र मान्य. चौघांत वेळ जातो.

कवडी

मला चुरस हवी आहे. एक सांगायचं राहिलं. सासऱ्यांना इंग्रजी मजकूर असलेली कार्डं आवडत नाहीत, प्रत्येक वेळी वाचून दाखवावं लागतं. यात कार्डांवर मजकूर आहे का? आणि दोघांबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

नेकारकाठ

मजकूर नाही, सगळी चिन्हं. त्यामुळे कुठल्या भाषेची आवृत्ती मिळते याची काळजी नको. दुसऱ्या भाषेतला खोका स्वस्तात मिळाला तर बिनदिक्कत घ्या, इंग्रजी नियम ऑनलाइन वाचता येतात. आम्ही इकडे जर्मनीत सार्वजनिक वाचनालयातून खेळ घरी आणून बघतो आणि मगच विकत घेतो. ही सोय तिकडे असती तर असे धागेच काढावे लागले नसते.

तुम्ही 'याच जातीचा दुसरा' विचारलंत म्हणून 'मार्को पोलो' सुचवतो (प्रकाशक हान्स इम ग्लुक, 2015, त्याच वर्षीचा डॉइचर श्पीले प्राइस या जर्मन खेळ-पुरस्काराचा विजेता). तिथे प्रत्येकाचे स्वतःचे पाच फासे असतात आणि तेच कामगार. सोंगटीताईंच्या दोन प्रश्नांना तिथली उत्तरं वेगळी आहेत. फासे तुमचे आहेत, पण पाचांची बेरीज 15 पेक्षा कमी आली तर जितकी कमी तितकी नाणी किंवा उंट भरपाई म्हणून मिळतात. एक उंट दिला की फासा पुन्हा टाकता येतो, दोन दिले की आकडा एकाने बदलता येतो. आणि जागा कोणी घेतली असली तरी दार बंद होत नाही, आपल्या फाशाच्या आकड्याइतकी नाणी भरून मागून जाता येतं.

खरी बहार पात्रांची. एका पात्राला फासे टाकावेच लागत नाहीत, हवा तो आकडा ठेवायचा. दुसऱ्याला घेतलेल्या जागेवर काही भरावं लागत नाही. कुब्लाई खान थेट बीजिंगमधून सुरुवात करतो, बाकीचे व्हेनिसहून निघतात. नकाशावर आपलं कोचीनही आहे, मला तिथे ठाणं मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पण खोका मोठा, मांडामांड जास्त, आणि मुलगी झोपल्यावर सुरू करायचा तर माझं मत व्हाइट कॅसललाच.

रातराणी

दोघांबद्दल मी सांगते, आम्ही जवळजवळ नेहमी दोघंच खेळतो.

दोघं असताना प्रत्येक पुलावर तीन फासे, म्हणजे एकूण नऊ. त्यातले सहा उचलले जातात आणि तीन उरतात. तिघांत पुलावर चार, चौघांत पाच, पण फेरी संपताना दर वेळी तीनच उरतात. हे उरलेले तीन महत्त्वाचे आहेत. पुलाखालच्या बागेत तुमचा माळी असेल आणि फेरीअखेर त्या पुलावर एक तरी फासा उरला असेल, तर माळ्याचं काम तुम्हाला पुन्हा मिळतं. दोघांत ही खेचाखेची फार छान होते. लाल पुलावर तुमचे माळी असले की नवरा मुद्दाम लाल फासे उचलणार. स्वतःचं नुकसान किती सोसून समोरच्याची बाग रिकामी ठेवायची, हा हिशेब दर फेरीला करावा लागतो, आणि मला या खेळात तोच सगळ्यात आवडतो.

जागाही घट्ट होतात. दोघांत एका जागी एकच फासा. तिघं-चौघं असले तर तुमच्या आधी कोणी फासा ठेवला असला तरी त्यावर दुसरा ठेवता येतो, पण मग फरक जागेच्या आकड्याशी नाही, खालच्या फाशाशी मोजायचा. कोणी तिथे 6 ठेवून गेला असेल तर आपला 3 महागात पडतो, आणि 1 ठेवला असेल तर चांदी. म्हणजे चौघांत खेळ जास्त रंगतदार आणि जास्त लांब, दोघांत जास्त टोकदार. आमचा दोघांचा डाव मांडण्यासकट तासाभरात आटोपतो. मुलगी झोपल्यावर, अगदी जमेल.

दर वेळी कार्डं वेगळी मांडली जातात, त्यामुळे 'हीच चाल जिंकते' असं काही बसत नाही. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा: शेवटी योद्ध्यांचे गुण किल्ल्याच्या आत पोचलेल्या दरबाऱ्यांच्या संख्येने गुणले जातात. हे माहीत नसलेला माणूस नुसते योद्धे जमवतो आणि मोजणीच्या वेळी हिरमुसतो. आणि सासरे हिरमुसले तर तो खोका पुन्हा उघडणार नाही.

उंबरठा

चौघांचं टेबल क्वचित आणि दोघांचं रोजचं असेल तर माझा विरोध मागे घेतो. चौघांत पहिला डाव मात्र सुट्टीच्या सकाळी ठेवा, रात्री नको.

आणि घेण्याआधी एकदा खेळून बघाच. बोर्ड गेम अरेना या ऑनलाइन खेळायच्या साइटवर हा खेळ आहे. तिथे नाण्यांचा हिशेब आपोआप होतो, त्यामुळे चिन्हं लवकर डोक्यात बसतात. नवऱ्याबरोबर दोन डाव तिथे खेळा. दुसऱ्या डावात 'आता मी वेगळं काहीतरी करून बघते' असं मनात आलं तर घ्या. चिन्हांचाच कंटाळा आला तर पैसे वाचले. पुण्या-मुंबईत असाल तर बोर्ड गेम कॅफेतही विचारा, हा खेळ तिथे असण्याची शक्यता बरीच आहे. सासऱ्यांना तिथेच नेलं तर फाशांचा रागही तिथेच निघेल.

'मॅचा' हे एक्स्पान्शन (मूळ खेळाला जोडायचा वेगळा विकत मिळणारा भाग) दुकानदार सोबत घ्यायला सांगेल. आत्ता अजिबात नको.

कवडी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघांचं टेबल हेच आमचं खरं टेबल आहे, त्यामुळे रातराणींच्या प्रतिसादाने बरंचसं ठरलं. आज रात्री ऑनलाइन एक डाव लावते, आवडला तर याच आठवड्यात ऑर्डर. मार्को पोलो दिराच्या वाढदिवसासाठी मनात ठेवला आहे, त्याला नकाशे आवडतात.

शेवटचं एक विचारते. सासऱ्यांना नियम सांगायला सुरुवात कुठून करू?

सोंगटी

पुलांपासून नको. आधी तीन माणसं दाखवा: दरबारी किल्ल्यात चढतो, योद्धा सरावाच्या मैदानात जातो, माळी बागेत. कोणाला काय लागतं तेही तिथेच सांगा. माळ्याला अन्न, योद्ध्याला लोखंड. दरबाऱ्याला दारात उभं करायला नाणी आणि वर चढवायला मोती. गुण कुठे मिळतात हे कळलं की मग पूल आणि फासे, आणि फरकाची नाणी खरे फासे हातात देऊन दोन-तीनदा करून दाखवा. कंदील पहिल्यांदा कोणाला मिळेल तेव्हाच समजवा, आधी नाही. पहिल्या फेरीत सगळ्यांनी बेत मोठ्याने बोलत खेळायचं, दुसऱ्या फेरीपासून तोंडं बंद. ब्रिजवाल्याला तेवढं पुरतं.