न खेळलेल्या गेमवरचा सिनेमा बघितलाय का कुणी? (अनुभव लिहा)

रातराणी

परवा बहिणीकडे मेथी निवडत बसले होते. भाचा पलीकडे प्लेस्टेशनवर. टीव्हीतला एक आडदांड गडी, एका हाताच्या जागी बंदूक बसवलेला, लढाई जिंकल्यावर स्वतःशीच गुणगुणला: टॅ टॅ टॅ टॅऽऽ, टॅ, टॅ, टटॅऽऽ. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "अरे, ही तर त्या मोबाइलची रिंगटोन!"

भाच्याने गेम थांबवला. "मावशी, तुला फायनल फँटसी सेव्हन माहितीये?"

नाही रे बाबा. सिनेमा तेवढा बघितलाय.

तेव्हा पुण्यात हॉस्टेलला होते. रूममेटने कुठून तरी सीडी पैदा केली होती, 'अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रेन'. जपानी आवाज, खाली इंग्रजी सबटायटल्स, तीही माणूस बोलून झाल्यावर उगवणारी. मूळ गेम १९९७ चा, सिनेमा २००५ चा, आणि सिनेमाची गोष्ट सुरू होते ती गेम संपल्यावर दोन वर्षांनी. आधीचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे असं धरून चाललेले. आम्ही पाचसहा जणी एका कॉटवर, एकीलाही काही ठाऊक नाही. पिवळ्या खड्या केसांचा एक उदास मुलगा मोटरसायकलवरून हिंडतो, पोरांच्या अंगावर काळे चट्टे उठतात, आणि पांढऱ्या केसांचे तिघं भाऊ "आमची आई कुठंय" म्हणून जो भेटेल त्याला बडवत सुटतात. आई निघाली एका खोक्यात. कशी, कोणी ठेवली, विचारायची सोय नाही.

मग ते पडकं चर्च. आत फुलं उगवलेली. टिफा नावाची मुलगी त्या तिघांतल्या एकाला बाकांवरून, खांबांवरून आपटते आहे, आणि ऐन हाणामारीत त्याचा मोबाइल वाजतो. तीच धून. रूममेट हसून कॉटवरून खाली. आम्ही एकमेकींकडे बघतोय. तिने डोळे पुसत सांगितलं की गेममध्ये प्रत्येक लढाई जिंकली की ही धून वाजते, आणि इथे ती मार खाणाऱ्याच्याच खिशात.

शेवटी एक गुलाबी कपड्यातली मुलगी क्षणभर दिसते नि उजेडात निघून जाते. रूममेट घळाघळा. ती म्हणे गेममध्ये पहिल्या डिस्कच्या शेवटीच मरते, आणि पुढच्या दोन डिस्क तिच्याशिवाय खेळायच्या. मी म्हटलं, अगं, दोन मिनिटं तर दिसली. त्यावर ती जे बोलली ते अजून डोक्यात आहे: "तू तिच्याबरोबर हिंडली नाहीस ना."

तुमच्यावर असा प्रसंग आलाय का? पोरांबरोबर, मित्रांबरोबर, चुकून, कसाही. लिहा.

दहीपोहे

पहिला नंबर माझा 😀 मारिओ, २०२३. लेकाच्या वाढदिवसाला त्याची सगळी गँग घेऊन, हिंदी डब. मला मारिओ म्हणजे मिशीवाला प्लंबर, एवढंच. नवरा मात्र पोरांपेक्षा वरच्या पट्टीत, "अगं तो पाइप बघ!" "अगं ते कासव बघ!" पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं.

एक सांगते, काही विनोद गेम न खेळता पण कळतात. सुरुवातीला घरच्या जेवणात मारिओ ताटातले मश्रूम बाजूला काढतो, त्याला आवडत नाहीत. आणि पुढे सगळी मदार मश्रूम खाण्यावरच. आमच्याकडे वांग्याचं हेच चालतं. लेकाला सांगितलं, बघ, मारिओने पण शेवटी खाल्लं. "मला उंच होऊन कुठे लढायचंय," म्हणाला.

बाकी नंतर पोळ्या झाल्यावर लिहिते.

मधलीसुट्टी

मारिओ अनोळखी??? कोणत्या ग्रहावर वाढलात तुम्ही लोक. आमच्या काळात मे महिना म्हणजे मारिओ आणि काँट्रा. तो टीव्ही गेम खरा निन्टेन्डोचा नव्हता, नक्कल होती, हे नोकरीला लागल्यावर कळलं. कॅसेटवर ९९९९९९ गेम लिहिलेले, आत तेच वीसएक गेम वेगवेगळ्या नावांनी. चालेना की कॅसेट काढून फुंकर मारायची. फुंकर मारायचा हक्क ज्याच्या घरचा टीव्ही त्याच्या मोठ्या भावाला.

सिनेमातली एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ब्रुकलिनमधल्या त्या पिझ्झाच्या दुकानात कोपऱ्यात एक जण जुन्या मशिनवर खेळत उभा असतो. त्याचा आवाज चार्ल्स मार्टिनेटचा. वर्षानुवर्षं गेममधला मारिओ म्हणजे हाच आवाज. सिनेमात मारिओचं काम ख्रिस प्रॅटला दिलं म्हणून लोक चिडले होते, तर मार्टिनेटला तिथे आणि मारिओच्या वडिलांच्या आवाजात बसवलं. आणि तो खेळतो त्या मशिनवर जे नाव आहे, जम्पमॅन, ते मारिओचं पहिलं नाव. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये तो त्याच नावाने आला, आणि तेव्हा प्लंबर नव्हता, सुतार होता.

हे सगळं बायकोला थिएटरमध्येच सांगितलं. ती म्हणाली पॉपकॉर्न इकडे दे.

उंबरठा

@मधलीसुट्टी, वहिनींना माझा नमस्कार सांगा 😂

संत्रानगरी

आम्ही आजीला घेऊन अँग्री बर्ड्स पाह्यला होता, २०१६ चा. फोनवर तो गेम मी रातदिवस खेळू खेळू वडिलांचा मार खाल्लेला. आजीला काहीच माहीत नाही. अर्धा सिनेमा झाल्यावर मोठ्यानं म्हणते, "डुकरं परक्या गावचे, जहाज घेऊन आले, गोडगोड बोलून राहिले, अन् हे पक्षी त्यायले जेवू घालून राहिले. अंडी जाणारच नं!" सगळं थिएटर हसलं. गेममध्ये एवढी गोष्ट कुठं आहे हो, बेचकी ताणायची अन् सोडायची. आजीनं दहा मिनिटांत पूर्ण राजकारण काढलं त्यातून.

आजी आता नाही. पण घरी कोणी फार गोडगोड बोलला की आम्ही अजून म्हणतो, डुकरं आले.

रातराणी

@संत्रानगरी, आजी लाजवाब. 🙏 वाक्य चोरतेय.

टेकडीवरचा

अ‍ॅनिमेशन शिकत होतो तेव्हा सरांनी 'फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन' (२००१) दाखवला होता. गेमचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गंमत अशी की गेम खेळलेल्यालाही तो तितकाच अनोळखी. त्या गेममधलं एकही पात्र त्यात नाही, आणि दिग्दर्शक कोण, तर गेमचा जनक हिरोनोबू साकागुची स्वतः!

सरांनी गोष्ट बघू दिलीच नाही. नायिका आकी रॉस मान वळवते ती फ्रेम थांबवायचे आणि म्हणायचे, केस बघा. तिच्या डोक्यावर ६०,००० च्या आसपास केस होते, संगणकावर एकेक हलवलेले. त्या केसांपायीच सिनेमाचा मोठा वेळ गेला. होनोलुलूला खास स्टुडिओ उभारला होता. खर्च सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर, जगभरची तिकीटविक्री साडेआठ कोटींच्या आसपास. स्टुडिओला टाळं लागलं.

तेव्हा आम्ही हसलो होतो, एवढे पैसे केसांवर! नंतर एका जाहिरातीत मला एका शाम्पूवाल्या बाईची एक बट, फक्त एक बट, खांद्यावरून घसरवायचं काम मिळालं. बट खांद्यातून आरपार जायची. क्लायंट रोज विचारायचा, झालं का. मी मनातल्या मनात होनोलुलूच्या त्या लोकांना दंडवत घातला.

डोळे मात्र त्यांना जमले नव्हते. माणसासारखे, पण आत कुणी नाही. गोष्ट? पृथ्वीवर भुतं, आठ आत्मे गोळा करायचे, असं काहीसं. झोप लागते.

साबुदाणा

सिनेमा नाही, मालिका आहे, चालेल का? आर्केन. लीग ऑफ लेजंड्स या गेमवरून केलेली, २०२१ ची, पॅरिसच्या स्टुडिओने बनवलेली.

मुलगा तेव्हा दहावीत. "हो", "नाही", "जेवलो", एवढाच आमचा संवाद. त्या गेमवरून तर घरात रोज वाद. एका रविवारी हा बघत होता, मी शेजारी जाऊन बसलो. मला वाटलं, उठून जाईल. नाही गेला. पहिल्या भागात दोन बहिणी, व्हाय आणि पावडर. मी विचारलं, ह्या गेममध्ये आहेत का? तर पोरगा बोलायला लागला, थांबेचना. धाकटी पुढे कोण होते, मोठीचे हात असे लोखंडी का, कोण कुणाच्या विरुद्ध खेळायला चांगलं. निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. मी फक्त "मग?" म्हणत राहिलो.

तिसऱ्या भागाच्या शेवटी दोघंही गप्प. ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. गेम माहीत असायची काही गरज पडत नाही तिथे.

आता बंगळुरूला असतो. दुसरा सीझन आला तेव्हा त्याने स्वतःहून फोन केला, "बाबा, एकट्याने बघू नका."

दहीपोहे

पोळ्या झाल्या. साबुदाणा, डोळ्यात पाणी आणलंत हो.

लिहायचं राहिलं ते: सिनेमातला खलनायक बाऊसर पियानोवर बसून राजकन्येसाठी ते 'पीचेस' गाणं म्हणतो ना, जॅक ब्लॅकच्या आवाजात, ते घरी आल्यावर लेकाने इंग्रजीत शोधून काढलं. पुढचे कित्येक दिवस स्कूल व्हॅन आली की आधी पीचेस पीचेस ऐकू यायचं, मग हॉर्न. व्हॅनवाले काका पण म्हणायला लागले होते.

निशिकासाई

तोक्योत होतो तेव्हाचा किस्सा. ऑगस्ट २०१९, 'ड्रॅगन क्वेस्ट: युअर स्टोरी'. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नेलं. गेम १९९२ चा, मालिकेतला पाचवा. जाताना ट्रेनमध्ये त्याने मला अत्यंत गंभीरपणे विचारलं, बियांका की फ्लोरा? मला वाटलं कॉफीबद्दल विचारतोय.

तर गेममध्ये नायकाला लग्न करावं लागतं. बालमैत्रीण बियांका, की श्रीमंताघरची फ्लोरा, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. यावरून तिकडे लोक चाळिशीतही हमरीतुमरीवर येतात. मी म्हटलं, हुंडा कोण देतंय ते आधी सांग. हसला नाही.

सिनेमा मला झकास वाटला. वडील, मुलगा, मग त्याचा मुलगा, तीन पिढ्यांची गोष्ट, थोडी घाईत उरकलेली, पण चित्रं देखणी. आणि शेवटाला एकदम जग थांबतं नि कळतं, हा नायक खरं तर आजचा एक मोठा माणूस आहे, गेम खेळत बसलेला. खलनायक म्हणजे एक व्हायरस, तो त्याला सुनावतो, हे सगळं खोटं आहे, मोठा हो. मी मनात म्हटलं, वा, काय कल्पना आहे. शेजारी बघतो तर सहकाऱ्याचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा.

तिथे नावांची पाटी पूर्ण संपून दिवे लागेपर्यंत बहुतेक लोक उठत नाहीत. नंतरही कुणी बोलेना. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "लहानपणी हा गेम मी आजारी असताना खेळलो. तो खोटा होता हे मला पैसे भरून ऐकायचं नव्हतं." जपानभर खेळणाऱ्यांनी या शेवटावर सडकून टीका केली. नायक त्या व्हायरसला हरवतो, गेमचीच बाजू घेतो, हे मी त्याला सांगून पाहिलं. उपयोग शून्य.

दिग्दर्शकांपैकी एक ताकाशी यामाझाकी. पुढे गॉडझिलाच्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं ते हेच. ती बातमी मी सहकाऱ्याला पाठवली. उत्तर आलं: "बियांका."

उंबरठा

अहो निशिकासाई, शेवट सांगून टाकलात! माझ्या यादीत होता तो. 😠

निशिकासाई

२०१९ चा आहे हो. यादीत किती वर्षं मुरवणार?

उंबरठा

लोणचं आहे का ते मुरवायला. असो. फ्लोरा.

मधलीसुट्टी

फ्लोरा???

चिंचेचंबुटुक

मी वेगळीच. पोकेमॉन. शाळेतून आलं की दप्तर फेकून कार्टून नेटवर्क, हिंदीत. पहिला सिनेमा पण बघितला, तो म्यूटूवाला, जिथे अ‍ॅश दगड होतो आणि पिकाचू त्याला शॉक देऊन देऊन उठवायला बघतो. उशीत तोंड खुपसून रडले होते. आणि हे सगळं मुळात एका गेमवरून आहे, १९९६ चा गेमबॉयवरचा गेम, हे मला ऑफिसमधल्या एकाने सांगितलं तेव्हा मी लग्न झालेली बाई होते! आमच्यासाठी कार्टूनच मूळ. गेमबॉय होता कुणाकडे?

संत्रानगरी

आमच्याकडं वेफर्सच्या पाकिटातले टॅझो होते, पोकेमॉनची चित्रं असलेल्या गोल चकत्या. तोच आमचा गेमबॉय. 😎

चिंचेचंबुटुक

टॅझो!!! माझा डबा आईने रद्दीत दिला. चारिझार्ड होता त्यात.

दहीपोहे

आया सगळ्या सारख्याच. (मी पण परवाच लेकाची कार्डं आवरली. पुढचं विचारू नका.)

टेकडीवरचा

@चिंचेचंबुटुक, माझ्याकडे चारिझार्ड दोन आहेत. एका कडेला जरा दुमडलाय.

चिंचेचंबुटुक

दुमडलेला चालेल. बदल्यात काय हवं?

टेकडीवरचा

स्क्वर्टल आहे का?

चिंचेचंबुटुक

डबाच रद्दीत गेला म्हटलं ना. उकडीचे मोदक चालतील का?

संत्रानगरी

माझ्याकडं तीन चारिझार्ड आहेत हो ताई. 🙋