मदत हवी आहे: मयताची जमीन विकायची परवानगी विधिमंडळ कशी देऊ शकतं?

नमस्कार मंडळी. कायद्याचं शिकते आहे आणि विल्किन्सन विरुद्ध लेलँड या १८२९ च्या अमेरिकन खटल्यावर दोन दिवस अडकले आहे.

प्रकरण असं. न्यू हॅम्पशायरचा एक गृहस्थ वारला, त्याची जमीन मात्र ऱ्होड आयलंडमध्ये. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या बाईंनी आपल्या राज्यातल्या प्रोबेट (मृत्युपत्र आणि मयताची मिळकत यांची प्रकरणं पाहणाऱ्या) न्यायाधीशाचा परवाना घेऊन, कर्ज फेडण्यासाठी, १७९१ मध्ये ती जमीन विकली. आता दुसऱ्या राज्यातल्या जमिनीवर तो परवाना चालणार कसा? मग १७९२ मध्ये ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने खास कायदा करून विक्री कायम केली. पुढे वारसांकडून दावा आला, पण सर्वोच्च न्यायालयाने, न्या. स्टोरींच्या निकालात, तो कायदा वैध धरला.

जमीन मयताच्या कर्जाला आधीच बांधलेली होती, म्हणून वारसांचा हक्क हिरावला गेला नाही, हा मुद्दा मला पटतो. खटकतं ते पुढचं: कर्ज खरंच होतं का, किती होतं, हे तपासणं न्यायालयाचं काम ना? ऱ्होड आयलंड तेव्हा इंग्लंडच्या राजाने दिलेल्या १६६३ च्या सनदेवरच चालत होतं; विधिमंडळाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी लिखित राज्यघटना नव्हती. निकालाचा खरा आधार तोच का?

आपल्याकडे अज्ञान (अल्पवयीन) मुलाची स्थावर मिळकत विकायला नैसर्गिक पालकाला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ८ नुसार न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. म्हणून हे जास्तच विचित्र वाटतं. कुणी नीट समजावून सांगाल का? वारसांच्या बाजूने विचार केला की मन स्वस्थ बसत नाही.