मदत हवी आहे: शरीर, हावभाव आणि काळाची दिशा

डोळे पुढे, पावलंही पुढेच पडतात. म्हणून येणारे दिवस 'पुढे' आणि सरलेले 'मागे' असं सहसा सांगितलं जातं. पण अँडीज पर्वतातल्या आयमारा भाषेत उलटं आहे: पाहून झालेला भूतकाळ समोर, न दिसलेलं भविष्य पाठीमागे. राफाएल नुन्येझ आणि ईव्ह स्वीट्सर यांच्या २००६च्या अभ्यासात वयस्कर आयमारा भाषक भविष्याबद्दल बोलताना खांद्यावरून मागे हात करतात. मला हे फार विलक्षण वाटतं! शरीर तर तेच, मग दिशा कोण ठरवतं?

जन्मांध व्यक्ती बोलताना काळ कुठे दाखवतात? भारतीय सांकेतिक भाषेत 'काल' आणि 'उद्या' शरीराच्या कोणत्या बाजूला येतात? यावर मराठीत एखादा लेख किंवा प्रबंध असल्यास कृपया सुचवा. स्वतः सांकेतिक भाषा वापरणाऱ्यांनी लिहिलं तर फारच मदत होईल.