‘लेकराची हौस कुत्र्यावर’ या आक्षेपास उत्तर

गोदातीर : ‘मूल होऊ न देता कुत्री पाळणारी जोडपी जबाबदारी टाळतात आणि लेकराची हौस जनावरावर भागवतात,’ असे दौलताबादकर यांनी काल लिहिले. ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही. आमच्या लग्नाला १४ वर्षे झाली. त्यांपैकी सहा वर्षे आम्ही उपचारांसाठी नांदेडहून संभाजीनगरला खेपा घातल्या. मूल झाले नाही. दारात आलेले गावठी पिल्लू आम्ही ठेवून घेतले, ते त्यानंतर चार वर्षांनी. पहाटे पावणेपाचला त्याची नखे फरशीवर वाजतात, पाण्याचे भांडे ते नाकाने ढकलते आणि मी उठते. तेव्हा माझ्या मनात न झालेले मूल नसते. भांडे रिकामे आहे, एवढेच असते. डोहाळजेवणाला ओटी भरण्यासाठी मला बोलावत नाहीत, आणि कुत्रा आल्यामुळे त्यात काही फरक पडलेला नाही.

दौलताबादकर : आपले दुःख मी नाकारत नाही, माझा रोख मुद्दाम मूल टाळणाऱ्यांवर होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे, आणि पिढी टिकण्यासाठी तो सुमारे २.१ लागतो. माझा भाचा पुण्यात कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापतो आणि ‘तुमचा नातू’ असे लिहून आईला छायाचित्र पाठवतो. परभणीत माझी बहीण ते पाहून हसते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. याला पर्याय म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

बालाघाट : जननदराचे खापर कुत्र्यांवर फोडण्याआधी मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढलेले वय आणि शाळांची शुल्के पाहावीत. आम्ही सहा भावंडे. तरीही पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी, आमचे वडील लाल कंधारी जोडीच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे ज्या स्वरात म्हणत, तो स्वर आम्हा सहांपैकी कोणाच्याही वाट्याला आला नाही. घरात सहा लेकरे असताना ते बैल कोणाचा पर्याय होते?

मांजराकाठ : (नाव नदीवरून घेतले आहे, मी मांजर पाळत नाही.) बैलाचे उदाहरण कृपया देऊ नये. थकलेल्या बैलाचे दावे हाळी-हंडरगुळीच्या बाजारात कोणाच्या हाती जात असे, हे उदगीर भागात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. बैलासारखा लेकराचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत नाही.

बालाघाट : २०१५ मध्ये बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळेनासे झाले, तरी दावणीचा बैल आम्ही सोडून दिला नाही. २०१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील चारा छावणीत मी दोन महिने गुरांजवळ बाजेवर झोपलो. मुलगी आजोळी होती, कारण लेकराला पाहुण्यांकडे ठेवता येते, बैलाला ठेवता येत नाही. ज्यांनी दावे कधी हाती धरले नाही, त्यांनी आम्हाला माया शिकवू नये.

मांजराकाठ : दावे मीही धरले आहे, विकतानाही मीच धरले होते. वडील तीन दिवस नीट जेवले नाहीत, आणि चौथ्या दिवशी त्याच पैशांतून त्यांनी माझे वसतिगृहाचे शुल्क भरले. माया दोघांवरही होती. परंतु कोणासाठी कोणाला विकायचे, याचा त्यांना विचार करावा लागला नाही.

बालाघाट : हे आधी लिहिले असते, तर मी इतका चिडलो नसतो. सोडून देतो; मात्र कायद्याबद्दलचे माझे म्हणणे कायम आहे.

दौलताबादकर : चर्चा गुरांच्या बाजारात हिंडून आली, हे बरे झाले. माझे वाक्य गोदातीर यांना लागू पडत नाही, हे मान्य करतो. भाच्यापुरते ते मागे घेत नाही.

गोदातीर : अर्ध्या माफीबद्दल पूर्ण आभार. भाच्याला मूल ‘नको’ आहे, हे त्याने स्वतः आपल्याला सांगितले आहे, की छायाचित्रावरून आपण ठरवले? खेपा घालणारी माणसे ते सांगत फिरत नाहीत. मी माझ्या आईला पाचव्या वर्षी सांगितले. तोपर्यंत ‘इतक्यात नको’ असेच तिला हसून सांगत होते.