वादळानंतर समुद्र हिरवा होतो, तो असा

वादळाने समुद्रातलं जीवन नुसतं उद्ध्वस्त होतं, असं बरेचदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. जुलै २००० मधलं काई-ताक वादळ बघा. दक्षिण चीन समुद्रात ते ३ दिवस जवळजवळ एकाच जागी घुटमळलं. वाऱ्याने पाणी असं घुसळलं, की खालचं गार, नायट्रेटने, म्हणजे समुद्रातल्या वनस्पतींच्या खताने, भरलेलं पाणी वर आलं. पृष्ठभाग तब्बल ९ अंशांनी थंड झाला आणि काही दिवसांत वनस्पती-प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं, हरितद्रव्य सुमारे ३० पट वाढलं!

अर्थात, प्रत्येक वादळाला हे जमत नाही. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर सायीसारखं पसरलेलं असतं. ती साय फोडून खालचं खत वर आणणं कठीण. त्यात वादळ घाईने निघून गेलं, तर प्लवकांच्या वाट्याला फारच थोडं येतं.